राजा की श्रीमंत? ‘द फाउंडर्स डिलेमाज’ विजयदुर्गात वाचताना



पत्रिकेवर आजचा विषय ‘स्टार्टअप आणि साहस भांडवल’ असा छापलाय. विषय मोठा आहे, तासाभरात कुणालाच आवरणार नाही. म्हणून आम्ही एकच पुस्तक घेतलंय आणि त्याच्याशीच भांडणार आहोत. नोम वासरमन यांचं ‘द फाउंडर्स डिलेमाज’, प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, २०१२. वासरमन तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवत होते. आणि हो, ‘साहस भांडवल’ हा शब्द आम्ही फारसा वापरणार नाही. त्यात साहस नेमकं कुणाचं, पैसे घालणाऱ्याचं की घेणाऱ्याचं, ते कळत नाही. आपण व्हेंचर कॅपिटलच म्हणू.

हे पुस्तक विजयदुर्गात का, असं कुणीतरी मनात म्हणत असेल. इथं ना निधी, ना इन्क्युबेटर. पण बाहेरचा पैसा आपल्या झाडावर आला की काय काय होतं, हे देवगड तालुक्यातल्या माणसाला हार्वर्डनं शिकवायची गरज नाही. उलट या पुस्तकात जे राहून गेलंय, ते इथून जास्त स्पष्ट दिसतं असं आमचं म्हणणं आहे. तिथपर्यंत हळूहळू जाऊ.

आधी पुस्तकाचं देणं मान्य करायला हवं. वासरमन यांच्याआधी फाउंडरवरची पुस्तकं म्हणजे बहुतेक चरित्रं होती: गॅरेजमध्ये सुरुवात, मग संकट, मग यश. वासरमन यांनी जवळपास १०,००० अमेरिकन संस्थापकांची माहिती जमवली आणि त्यांना ज्या वळणांवर निर्णय घ्यावे लागले ती वळणं एकेक करून तपासली. नोकरी कधी सोडायची, एकट्याने सुरू करायचं की भागीदार घ्यायचा, भागीदार मित्र असावा की अनोळखी, कोण काय काम करणार, हिस्से कसे वाटायचे, पहिले पैसे कुणाकडून घ्यायचे, आणि शेवटी खुर्ची कधी सोडायची. यातला प्रत्येक निर्णय त्या वेळी छोटा वाटतो. दोन मित्र चहाच्या टपरीवर ‘अर्धं तुझं, अर्धं माझं’ म्हणून मोकळे होतात. तीन वर्षांनी एक जण दिवसरात्र राबतोय, दुसरा नोकरीला लागलाय, आणि कागदावर अजून अर्धं-अर्धंच आहे.

हा भाग कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. आपला सात-बारा काढून बघा. आजोबांच्या नावाची बाग, खाली बावीस सहहिस्सेदार, त्यातले बारा मुंबईत, दोघांचा पत्ताच नाही. कलमं राखणारा एक, मोहोरावर फवारणी करणारा तोच, आणि विकायची वेळ आली की सह्या बाविसांच्या. स्टार्टअपवाले ज्याला ‘कॅप टेबल’ म्हणतात तो सात-बाराच आहे, फक्त तलाठी नाही. (हशा) वासरमन यांचा एक निष्कर्ष असा की मित्रांनी आणि नातेवाइकांनी मिळून काढलेल्या कंपन्यांचे संघ इतरांपेक्षा लवकर फुटतात, कारण अवघड गोष्टी बोलायच्या टाळल्या जातात. आपण त्याला भाऊबंदकी म्हणतो, त्यांनी आकडेवारी दिली. ही प्रकरणं पुस्तकातली सगळ्यात चांगली, आणि ज्यांना खरंच काही सुरू करायचंय त्यांनी तेवढी तरी वाचावीत.

आता पुस्तकाचा कणा. वासरमन म्हणतात की हे सगळे निर्णय शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: तुम्हाला राजा व्हायचंय की श्रीमंत? नियंत्रण हातात ठेवायचं असेल तर भागीदार कमी, बाहेरचा पैसा कमी, कंपनी छोटी, पण खुर्ची तुमची. संपत्ती हवी असेल तर हिस्सा द्या, संचालक मंडळात जागा द्या, कंपनी मोठी होऊ द्या, आणि एक दिवस खुर्ची दुसऱ्याला देण्याची तयारी ठेवा. दोन्ही मिळणारे फार थोडे. २००८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्यांनी २१२ अमेरिकन स्टार्टअपचा अभ्यास मांडला होता. कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्मे संस्थापक मुख्याधिकारी राहिलेले नव्हते, आणि कंपनी शेअर बाजारात नेताना स्वतः प्रमुखपदी असलेले चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. जे पायउतार झाले त्यांतल्या पाचांपैकी चौघांना ते करायला भाग पाडलं गेलं होतं.

आकडा धक्का देणारा आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. ल्यू सर्न या अभियंत्याची हकिकत पुस्तकात येते. त्याने वायली टेक्नॉलॉजी काढली, गुंतवणूकदार आले, आणि काही वर्षांत त्याच्या जागी बाहेरचा मुख्याधिकारी बसला. कंपनी पुढे मोठ्या किमतीला विकली गेली, म्हणजे तो श्रीमंत झाला. पण पुढची कंपनी काढताना त्याने तिचं नाव ‘न्यू रेलिक’ ठेवलं. इंग्रजीत लिहिलं तर ती त्याच्याच नावातली अक्षरं आहेत, उलटीसुलटी लावलेली. खुर्ची गेल्याचं दुःख माणूस किती जपून ठेवतो ते यात दिसतं.

राजा आणि भागीदार यांची गोष्ट निघाली आणि आपण या किल्ल्याच्या सावलीत बसलोय, तर १७५६ टाळता येत नाही. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे जुमानत नव्हते. स्वतःच्याच आरमाराच्या सरदारावर नियंत्रण हवं, पण समुद्रावर ताकद कमी. म्हणून त्यांनी मुंबईच्या इंग्रजांना भागीदार घेतलं. आदल्या वर्षीच करार झाला होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आले, याच खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं, किल्ला पडला. आतली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्लाही लगेच दिला नाही. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट देऊन तो सोडवावा लागला. किल्ला परत आला, पण ज्याच्यासाठी त्याला किंमत होती ते आरमार गेलं होतं. नानासाहेब ना राजा ठरले, ना श्रीमंत. तुलना फार ताणायची नाही. तिथे तोफा होत्या, इथे टर्मशीट असते. पण ‘दोहोंपैकी एक तर मिळेलच’ हे जे पुस्तकात गृहीत आहे, ते इतकं सोपं नाही, एवढंच सांगायचं होतं.

आपल्या काळातलं उदाहरण घ्या. पवईतली हाउसिंग डॉट कॉम. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१२ मध्ये काढली, घरं शोधायचं संकेतस्थळ. डिसेंबर २०१४ मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर आले. पुढे सहा महिने मुख्याधिकारी राहुल यादव आणि गुंतवणूकदार यांचं भांडण उघड्यावर चाललं: राजीनामा, मग राजीनामा मागे. मे २०१५ मध्ये यादव यांनी आपले सगळे शेअर सुमारे २,२५० कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. जुलैच्या पहिल्याच दिवशी संचालक मंडळाने त्यांना काढलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. हा माणूस वासरमन यांच्या कुठल्या रकान्यात बसतो? खुर्ची गेली, आणि संपत्ती त्याने स्वतःच्या हाताने वाटून टाकली. त्याचं वागणं बरोबर होतं असं आम्ही म्हणत नाही. बरंचसं पोरकट होतं. पण माणसाला या दोहोंपलीकडचं तिसरं काही हवं असू शकतं, मग तो मान असेल, सूड असेल किंवा नुसता हट्ट. त्याला या पुस्तकात रकाना नाही.

हा आक्षेप तसा किरकोळ. मोठे आक्षेप दोन आहेत.

पहिला मोजमापाचा. वासरमन यांनी पुढे २०१७ मध्ये ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल’मध्ये शोधनिबंध लिहिला, ६,१३० अमेरिकन स्टार्टअपवर. त्यात निष्कर्ष असा की संस्थापकाच्या हातात नियंत्रण जितकं जास्त, तितकं कंपनीचं मूल्य कमी. मुख्याधिकारीपद आणि संचालक मंडळ यांपैकी प्रत्येक गोष्ट हातात ठेवल्यामागे मूल्य साधारण १७ ते २२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे राजेपणाची किंमत मोजली, असं सगळीकडे सांगितलं जातं. आता मूल्य म्हणजे काय ते बघा. मोजलंय ते गुंतवणुकीच्या फेरीत, पैसे येण्याआधी कंपनीची जी किंमत धरली जाते ते. ती किंमत कोण धरतो? घासाघीस करून शेवटी पैसे देणारा. म्हणजे ज्याला नियंत्रण हवंय त्याला ते मिळालं नाही तर तो भाव कमी देतो, आणि त्या कमी भावावरून आपण म्हणतो की मालकाने नियंत्रण ठेवल्यामुळे माल हलका झाला. वाशीचा दलाल ‘तुमची पेटी आमच्याच गाळ्यावर येणार नसेल तर उचल कमी’ म्हणाला, तर आंबा बिघडला असं आपण म्हणू का? भावावरून मालाची परीक्षा करायची तर भाव लावणारा तिऱ्हाईत लागतो. हा फरक अभ्यासकाला कळत नसेल असं नाही, पण पुस्तकातल्या आणि त्यानंतरच्या मांडणीत त्याचं गांभीर्य उतरत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

हापूसचं कलम दर वर्षी सारखं धरत नाही. एक वर्ष भरभरून, दुसऱ्या वर्षी जेमतेम. हे एकाआड एक थांबवण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस केली, ज्याला आपण सगळे कल्टार म्हणतो. पूर्ण वाढलेल्या, निरोगी झाडाला, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून तेवढ्यापुरतीच मात्रा मुळांच्या भोवती द्यायची, आणि जोडीला शेणखत आणि खतं व्यवस्थित घालायची. पालवीची वाढ आवरते, मोहोर लवकर आणि नियमित येतो. औषध वाईट नाही. शिफारशीत बसवून वापरणाऱ्या बागा उत्तम चालल्या आहेत.

आता हीच बाग कराराने दिली असं धरा. मालक मुंबईत, किंवा म्हातारा, किंवा हातात पैसा नाही. दोन-तीन वर्षांच्या कराराने बाग घेणारा येतो, रोख रक्कम आगाऊ मोजतो. ती रक्कम त्यानेही बहुतेक वाशीच्या गाळ्यावरून उचल म्हणून आणलेली असते. त्याचं गणित करा. सगळ्यात चांगला भाव फेब्रुवारी-मार्चच्या पहिल्या पेट्यांना. चौथ्या वर्षी तो या झाडाखाली नसणार. मग कल्टारची मात्रा वाढते आणि शेणखत कमी होतं. तो दुष्ट नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर कदाचित तेच केलं असतं, कारण त्याच्याही डोक्यावर मुदत आहे. झाड पहिली दोन वर्षं असं काही धरतं की मालक खूश. बाग परत मिळते तेव्हा फांद्या आखूड, पालवी दाटलेली, झाड थकलेलं. करारात झाडांची संख्या लिहिलेली असते, रक्कम लिहिलेली असते. झाडाचं वय आणि पुढची वर्षं कुणी लिहीत नाही.

व्हेंचर कॅपिटलचा पैसाही असाच मुदतीचा असतो. तो गुंतवणूकदाराचा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी, धनाढ्य कुटुंबं यांच्याकडून ठराविक काळासाठी आणलेला असतो. पूर्वी असं नव्हतं. १९४६ मध्ये बोस्टनला जॉर्जेस डोरिओ यांनी एआरडीसी काढली ती साधी नोंदणीकृत कंपनी होती, तिला संपण्याची तारीख नव्हती. तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत ७०,००० डॉलर घातले, ७० टक्के हिस्सा घेतला, आणि दहा वर्षांहून जास्त काळ तो धरून ठेवला. त्याचे कोट्यवधी डॉलर झाले, आणि सगळा धंदा त्या एका यशाकडे बोट दाखवत उभा राहिला. पण १९५० च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियात मर्यादित भागीदारीची पद्धत आली, तीच पुढे रूढ झाली, आणि तिच्याबरोबर मुदत आली: साधारण १० वर्षं. पहिल्या काही वर्षांत पैसे घालायचे, उरलेल्यात काढायचे. या काढण्याच्या टप्प्याला त्या धंद्यात ‘हार्वेस्ट’ म्हणतात. म्हणजे तोडणी. शब्द त्यांचाच आहे, आम्ही जोडलेला नाही. (हशा) आपल्याकडे सेबीच्या २०१२ च्या नियमांतही व्हेंचर कॅपिटल निधी मुदतबंदच असतो. मुदत वाढवायची तर दोन वर्षांपर्यंत, आणि तीही दोन-तृतीयांश गुंतवणूकदारांच्या संमतीने.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. निधीतल्या बहुतेक कंपन्या बुडतात किंवा जेमतेम तरतात, आणि एखाद-दुसरीच सगळ्यांचं नुकसान भरून काढते. सेबॅस्टियन मॅलेबी यांचं २०२२ चं ‘द पॉवर लॉ’ याच नियमावर बेतलेलं आहे, आणि वाचायला वासरमनपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. पण वाचताना ध्यानात ठेवा, मॅलेबी निधीच्या बाजूने बघतात. निधीला वीस कलमांतलं एक तुफान धरलं तर चालतं. एकोणीस वठली तरी हिशेब जुळतो. संस्थापकाकडे कलम एकच असतं.

आता वासरमन यांच्या प्रश्नाकडे परत या. राजा की श्रीमंत, हा प्रश्न माणसाच्या स्वभावाचा वाटतो. पण निम्मे संस्थापक तीन वर्षांत खुर्चीवरून गेले, यात त्यांचा स्वभाव किती आणि त्यांच्या पैशाची मुदत किती? निधीच्या दुसऱ्या वर्षी आलेला पैसा आणि सातव्या वर्षी आलेला पैसा, दोन्हींत हिस्सा २० टक्केच असेल, पण दुसऱ्याला तीन वर्षांत विकायचंय. वासरमन यांनी एक गोष्ट मात्र छान पकडली आहे: उत्पादन तयार झालं किंवा मोठी फेरी मिळाली, म्हणजे संस्थापक यशस्वी झाला, की त्याच सुमारास त्याला बदलायची वेळ येते. ते याला यशाचा विरोधाभास म्हणतात. बाग राखणाऱ्याला यात विरोधाभास दिसणार नाही. मोहोर धरल्यावरच बागेवर माणसं येतात.

टीव्हीवरच्या ‘शार्क टँक इंडिया’त हे आणखी पातळ होतं. इतके लाख, इतके टक्के, टाळ्या. हे पैसे किती वर्षांचे, असा प्रश्न तिथे क्वचितच येतो.

मग मुदत नसलेला पैसा असतो तरी कुठे? लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण ती नेहमी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. ती भांडवलाची गोष्ट म्हणून वाचा. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणे लोखंडाने जमिनीला विष चढतं, त्यामुळे नांगर पडून. त्यात नगरपालिकेने जागा सोडायला लावली. अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १०,००० रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतप्रतिनिधींना काय हवं होतं? आपल्या संस्थानात कारखाना. तो उभा राहून चालत राहण्यातच त्यांचा परतावा होता, विकून बाहेर पडण्यात नव्हता. नांगराला गिऱ्हाईक मिळायला जी वर्षं लागली ती १० वर्षांच्या निधीने दिली असती का, शंका आहे. अर्थात, औंधचा राजा प्रत्येकाला भेटत नाही, आणि राजाच्या मर्जीवर उद्योगधोरण बसवता येत नाही. आम्ही हे उदाहरण नमुना म्हणून देत नाही, फक्त फरक दिसावा म्हणून देतोय.

दुसरं उदाहरण पुण्याचं. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय. दुरुस्तीच्या दुकानातून अँटीव्हायरसकडे वळले, क्विक हील झालं. सिकोइया कॅपिटलचे ६० कोटी रुपये त्यांनी घेतले ते २०१० मध्ये, म्हणजे धंदा वर्षानुवर्षं चालून पक्का झाल्यावर. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी बाजारात आली, गुंतवणूकदाराने त्यात आपला काही हिस्सा विकला. शेअर ३२१ रुपयांना विकला गेला आणि पहिल्याच दिवशी त्याखाली घसरला. लोकांनी नावं ठेवली. पण कुटुंबाच्या हातात बहुमत राहिलं. वासरमन म्हणतील, राजेही राहिले आणि श्रीमंतही झाले, अपवाद आहेत. आमचं वाचन वेगळं आहे. मुदतीचा पैसा त्यांनी झाड मोठं झाल्यावर घेतला. कल्टारच्या शिफारशीतही पहिली अट तीच आहे.

म्हणून या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवायला हवं असं आम्हाला वाटतं. संस्थापक गुंतवणूकदाराला मूल्य विचारतो, संचालक मंडळातल्या जागा विचारतो, कंपनी विकली तर आधी कुणाचे पैसे सुटणार ते विचारतो. पट्टी हातात घेतली की उचल आधी वळती होते हे ज्याला माहीत आहे, त्याला ते कलम समजायला दोन मिनिटं लागतात. पण तुमच्या निधीचं हे कितवं वर्ष, तुम्हाला हे पैसे कधी परत करायचेत, तुमच्या मागच्या निधीने कंपन्या किती वर्षं धरल्या, हे विचारणारे फार कमी. विचारायला लाज वाटते, किंवा विचारलं तर पैसे जातील अशी भीती वाटते. गुंतवणूकदारांना हे प्रश्न नवे नाहीत. त्यांना पैसे देणारे हेच प्रश्न त्यांना विचारतात, आणि त्याची उत्तरं लेखी मागतात.

मागे काही जण हात वर करून आहेत. आता प्रश्न घेऊ. ज्यांनी बाग कराराने दिलीय त्यांनी आधी बोलावं.